दुसऱ्या रेकॉर्डीतला आवाज

माझ्या थोरल्या भावाचा आवाज मी तो गेल्यावर सात वर्षांनी वडशाच्या स्टेशनाजवळच्या हॉटेलात ऐकला. बाजाराचा दिवस होता, टळटळीत दुपार होती. माझ्या एका हातात वांग्यांची पिशवी होती आणि बगलेत शाळेचं हजेरीपुस्तक. हॉटेलवाल्यानं फोनोला चावी भरली, सुई टेकवली, आणि कर्ण्यातून दादा गायला लागला.

जुनी रेकॉर्ड असती तर मी थांबलेही नसते. ती मला खरखरीसकट पाठ होती. पण हे गाणं मी कधीच ऐकलं नव्हतं. दादानंही ते ऐकलेलं असणं शक्य नव्हतं.

वडशाला लागूनच असलेल्या आमच्या गावात चौघांची एक गायनपार्टी होती. पेटीवाले भाऊ मुख्य गायचे. एक ढोलकीवाला, एक झांजवाला, आणि माझा दादा झील धरायचा. मुख्य गायकानं ओळ टाकली की ती वरच्या सुरात उचलून पुढे न्यायची, हे झीलकऱ्याचं काम. इंग्रज जाण्याच्या जरा आधी एका कंपनीची माणसं नागपुरात उतरली होती, गावोगावचे गाणारे बोलावून रेकॉर्डी काढत होती. हे चौघं रेल्वेच्या छोट्या गाडीनं नागभीडवरून नागपूरला गेले आणि एक गाणं देऊन आले. ‘मोह फुलला रानात, वास येते दुरून.’ एवढीच त्याची धृपदाची ओळ. दादा परत आला तेव्हा मायला म्हणाला होता, “माय, एका डबीसमोर उभं केलं आमाले. खोकलू नका म्हणे. मी श्वासच दाबून धरला.”

पण श्वास त्याला दाबता येत नसे. लहानपणी त्याची छाती भरली होती, वाचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. मायनं त्याच्या छातीवर बिब्याचे डाग दिले होते. ते पुढेही दिसत. त्या आजारानं त्याची छाती अधू झाली ती कायमची. ‘दुरून’ या शब्दाशी आला की त्याचा दम मध्येच तुटायचा. ‘दु’ म्हणायचा, हलकेच हवा आत ओढायचा, मग ‘रून’. रेकॉर्डीत तो श्वास स्पष्ट ऐकू यायचा. लोकांना तीच जागा आवडली. लग्नात, धानाच्या रोवणीत बायका तो दम घेऊनच गाणं म्हणायच्या. आरमोरीपासून ब्रह्मपुरीपर्यंत पार्टीला बोलावणी यायला लागली.

रेकॉर्ड निघाल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात ही पार्टी नदीपलीकडच्या एका गावाहून परत येत होती. वैनगंगेला पूर होता. डोंगा मधल्या धारेत वाहून आलेल्या झाडाला थडकला आणि उलटला. तिघं आणि डोंगेवाला काठाला लागले. दादा लागला नाही. खाली दहा कोसांपर्यंत माणसं शोधून आली. अंगावरचा कपडासुद्धा सापडला नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. वडील त्याआधीच गेले होते. घरात माय आणि मी, दोघीच उरलो.

मायनं त्याच्या नावानं पाणी सोडलं नाही. जातीतल्या लोकांनी समजावलं, पुरोहितानं, अंग सापडलं नाही तर करतात तो पळसाच्या काड्यांचा विधी सांगितला. माय म्हणायची, “अंग नाई दिसलं. मी कोनाच्या नावानं पानी सोडू?” दर वर्षी पूर ओसरला की ती घाटावर जायची आणि डोंगेवाल्यांना विचारायची. त्यांनाही सवय झाली होती. ती दिसली की ते आधीच मान हलवायचे. पेटीवाले भाऊ मात्र आमच्या दारात कधी आले नाहीत. अपघातानंतर महिन्याभरात त्यांनी गाव सोडलं. कुणी म्हणे आलापल्लीकडे लाकडाच्या डेपोवर दिवाणजी झाले. पार्टी मोडली, ती मोडलीच.

आणि आता सात वर्षांनी ही दुसरी रेकॉर्ड.

मी हॉटेलाच्या बाहेर उभी राहून ती पूर्ण ऐकली. ‘सांज झाली गं सखे, गाई आल्या परतून.’ पहिली ओळ पेटीवाल्या भाऊंची. आवाज जाड झाला होता, वयानं बसला होता. मग झील उठली. तीच वरची पट्टी, तोच किंचित नाकातला सूर. आणि ‘परतून’शी आल्यावर ‘पर’ म्हणून दम तुटला, हवा आत ओढली गेली, मग ‘तून’. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. वांगी घरंगळत बाकड्याखाली गेली. ती उचलायला मी वाकले नाही.

त्या महिन्यात वडशात दुसरा विषय नव्हता. धान कापून झालं होतं, लोकांना वेळ होता. बाजाराला येणारा प्रत्येक जण ती रेकॉर्ड एकदा ऐकायचा आणि आपलं मत सांगूनच उठायचा. मी शाळेतून येता-जाता ती मतं ऐकायची. थांबायची नाही, पण पाय हळू टाकायची.

निवृत्त झालेले एक गुरुजी होते. त्यांचं म्हणणं, गाणं तालात चोख आहे, पण पहिल्या गाण्यात जी घाई होती तीच खरी होती. “पहिल्या वेळेस त्यायले भीती होती का आपल्याले कोनी ऐकन का नाई. आता त्यायले माहीत आहे, लोक ऐकते. म्हणून बिघडलं,” असं ते छत्री आपटून सांगायचे. झाडाखालच्या न्हाव्याचं मत वेगळं. कंपनीनं या वेळी मागे क्लॅरिनेट घातली होती, तिचा त्याला राग होता. “हे का लग्नाची वरात हाय? माणूस गाऊन राह्यला अन् हे मधातच पिपाणी फुकते!” आरमोरीचा एक कोष्टी कोशाच्या रेशमाची लुगडी घेऊन बाजारात बसायचा. त्यानं एका वाक्यात निकाल दिला. पहिली रेकॉर्ड घरच्या मागावरची, ही मिलची. छोट्या गाडीचा गार्ड म्हणायचा, चांदा फोर्टपर्यंत दोन तट पडलेत. म्हातारे जुनीच्या बाजूनं, तरणे नवीच्या.

पण झिलीपाशी आले की सगळ्यांचा आवाज खाली यायचा. ती कोण धरतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. रेकॉर्डीवर पेटीवाल्या भाऊंचं नाव होतं आणि त्यापुढे फक्त ‘आणि पार्टी’. कुणी म्हणे मुंबईचा गवई आणला. कुणी म्हणे जुन्या रेकॉर्डीतला आवाज काढून नवीत चिकटवला, कंपनीकडे तशी मशीन असते. आणि एक दिवस ढोलकीवाल्याचा चुलतभाऊ बोलताना मी ऐकलं, “मी तर म्हनतो, तो मेलाच नाई. धारेनं खाली गेला, कुठी तरी निघाला. पानी प्याला तर मानूस याद भुलते. आता सापडला असन.”

हॉटेलवाल्यानं मला पाहिलं आणि त्याला कोपरानं ढोसलं. 

मी हे मायला सांगितलं नाही. तीन बाजार मी तिला काही ना काही कारणानं घरी ठेवलं. मला स्वतःला काय वाटत होतं ते आज नीट सांगता येत नाही. दादा मेला हे मला पक्कं माहीत होतं. तरी शाळेत पाढे म्हणून घेताना मधेच तो श्वास ऐकू यायचा आणि मी खिडकीकडे पाहायची. मुली हसायच्या.

चौथ्या आठवड्यात बांगड्यावाली आमच्या ओसरीवर बसली आणि बोलून गेली. तिला वाटलं, आम्हाला ठाऊकच असणार. मायनं हातातला सुपडा खाली ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालायला लागली. मी मागून पळत गेले.

आमच्याकडच्या बायका हॉटेलात जात नसत. माय बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहिली. हॉटेलवाल्यानं फोनो उचलून खिडकीत आणून ठेवला. तो चांगला माणूस होता, त्यानं कर्णा मायकडे वळवला. गाणं सुरू झालं. बाकड्यांवरचे लोक कपबशा तशाच धरून बसले. मायचा चेहरा हलला नाही. दम तुटला त्या ठिकाणी फक्त तिनं पिंपाची कड धरली.

“अखीन एकदा लाव, भाऊ,” ती म्हणाली.

त्यानं तीनदा लावली. मग मायनं विचारलं, “हा कुठी हाय?”

“माय, ते कोन हाय मले खरंच नाई मालूम,” हॉटेलवाला म्हणाला. “पेटीवाले आलापल्लीले हाय म्हणते. त्यायलेच विचारा.”

घरी आल्यावर मी पुष्कळ बोलले. कुणीतरी नक्कल करत असेल म्हणाले. दादा जिवंत असता तर सात वर्षांत एकदा तरी घरी आला नसता का, असंही विचारलं. माय तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तू मास्तरीण हायेस, तुले जास्त समजते. पन मले कान हाय. तू येतेस का मी एकटीच जाऊ?”

मी शाळेत अर्ज टाकला. आम्ही मोटारीनं गडचिरोलीला गेलो, रात्र ओळखीच्या घरी काढली. दुसऱ्या दिवशी चामोर्शी, आष्टी. पुढे मोटार मिळाली नाही. लाकूड आणायला निघालेल्या एका रिकाम्या ट्रकच्या ड्रायव्हरनं आम्हाला समोर बसवून घेतलं. आष्टी सुटली आणि दोन्ही बाजूंनी सागवान आलं. रस्त्याची लाल धूळ पानांवर इतकी बसली होती की झाडं वाळलेली वाटत होती. माय खिडकीतून बाहेर पाहत होती. वाटेनं आवळ्याच्या टोपल्या, जळाऊ मोळ्या घेऊन माणसं चालली होती. समोरून कुणी तरणा पुरुष येताना दिसला की माय पुढे सरकायची, काचेपर्यंत तोंड न्यायची, आणि तो जवळ आला की मागे टेकायची. ड्रायव्हर तेलुगु-मराठी मिसळून काहीबाही बोलत होता. त्यानं ते पाहिलं आणि बोलायचं थांबवलं. कुणी दिसलं की तो आपणहून ट्रक हळू करायला लागला. मला ते सहन होईना. मी डोळे मिटून घेतले.

डेपो आलापल्लीच्या पुढे, एटापल्लीच्या रस्त्याला लागून होता. उघड्या मैदानात लाकडांचे ढीग, प्रत्येकावर चुन्यानं आकडे घातलेले. एका बाजूला लाकूड कापायचा आरा चालत होता. त्याचा आवाज दातांत बसायचा. पत्र्याच्या छपरीतून पेटीवाले भाऊ बाहेर आले. मला त्यांनी ओळखलं नाही. मायला ओळखलं, आणि ते होते तिथेच थांबले. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. पन्नाशीही उलटली नव्हती त्यांची.

“बाई,” एवढंच म्हणाले.

“कुठी हाय तो?” माय म्हणाली.

त्यांनी खोटं समजावण्याचा प्रयत्न केला नाही. आऱ्याकडे गेले, हातानं खूण केली. मशीन थांबली. भुशानं माखलेला एक माणूस त्यांच्या मागून आला. पंचविशीतला असेल. जवळच्याच जंगलातल्या गावचा गोंड, रुंद खांद्यांचा, दादापेक्षा वीतभर बुटका. डोळे शांत होते आणि थोडे घाबरलेले.

मी मायकडे पाहिलं. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला वाटलं, झालं, आता संपलं, आता आपण परत जाऊ.

माय म्हणाली, “याले त्या लाकडायच्या मांगं उभा कर. मले दिसू नको देऊ. अन् गानं म्हनाले लाव.”

भाऊंनी त्याला त्याच्या बोलीत सांगितलं. तो गेला. माय ढिगाकडे पाठ करून जमिनीवर बसली. मी उभी होते तिथून मला तो दिसत होता. त्यानं एक हात सागाच्या ओंडक्यावर ठेवला आणि पेटी नाही, ढोलकी नाही, तसाच गायला लागला. आधी नवं गाणं म्हटलं. मग थांबून, कुणी न सांगता, जुनं. ‘वास येते दु…’ आणि तो श्वास. छातीचा भाता उगाच आत ओढला गेला. मग ‘रून’.

त्या उजेडात, त्या मोकळ्या जागेत तो आवाज फोनोतल्यापेक्षा खूप जवळचा होता.  मायचे खांदे हलत होते. गाणं संपलं. दूर कुठेतरी कुऱ्हाड चालत होती.

“बलाव त्याले,” माय म्हणाली.

तो आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. मायनं विचारलं, हे कुठे शिकला. भाऊ मधे बोलत गेले, तिचं त्याला आणि त्याचं तिला सांगत गेले. ठेकेदाराच्या मुक्कामावर फोनो होता आणि रेकॉर्डी मोजून चार. त्यातली एक दादाची. हा माणूस तेव्हा बैलगाडीवर लाकूड वाहायचा. रोज ऐकून ऐकून त्यानं गाणं उचललं. मराठी त्याला फारशी येत नव्हती. शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता. रेकॉर्डीत जे होतं ते सगळंच त्याला गाणं वाटलं. ओळी गाणं होत्या, तसा तो दमही गाणंच होता.

“मी इथी आल्यावर दुसऱ्या वर्षी,” भाऊ म्हणाले, “सकाळी छपरीत बसलो होतो. हा तिकडून गाडी घेऊन येत होता. दिसत नव्हता, फक्त आवाज. बाई, मी खाटेखाली लपलो. खरं सांगतो. मोठा मानूस, खाटेखाली. मले वाटलं, तो आला, आता विचारन.”

“का विचारन?” माय म्हणाली.

भाऊ खाली बसले. त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. डोंगा उलटल्यावर पेटी तिच्या लाकडी खोक्यासकट वर तरंगली. एका बाजूनं त्यांनी धरली, दुसऱ्या बाजूनं दादानं. दोघांच्या वजनानं ती खाली जात होती, वर येत होती. दादाला धाप लागली होती. मग एकदा पेटी वर आली तेव्हा दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं.

“त्यानं सोडली का मी हिसकली, बाई, मले मालूम नाई. रोज आठवून पाह्यतो. एखाद्या दिवशी वाटते, त्यानंच हात काढला. एखाद्या दिवशी वाटते, मीच खेचली. पान्यात समजत नाई. बाहेर आल्यावर तर अजिबात समजत नाई.”

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. मी तो आणायचा प्रयत्नही केला. पण त्यांच्याकडे पाहून मला फक्त भीती वाटली. सात वर्षं रोज सकाळी ते त्या पाण्यात उतरत होते आणि रोज एकटेच बाहेर येत होते.

“मंग गायला काऊन लागले वापस?” मी विचारलं. माझा आवाज मलाच कडक वाटला.

“याले गाताना ऐकून गप नाई राह्यता आलं,” ते म्हणाले. “हा झील धरते अन् वरची ओळ कोनीच टाकत नाई. ते लई वाईट वाटे. एक दिवस मी टाकली.”

माय भाऊंकडेच पाहत होती. तिनं विचारलं, “पेटी कुठी हाय ती?”

पेटी त्यांच्या खाटेखाली पोत्यात गुंडाळलेली होती. त्या दिवसानंतर उघडली नव्हती. कंपनीनं पुन्हा नागपूरला बोलावलं तेव्हा रेकॉर्डीसाठी त्यांनी दुसरी आणली होती. मायच्या सांगण्यावरून त्यांनी ती बाहेर काढली. लाकूड फुगून तडकलं होतं, भात्याचं चामडं हिरवं पडलं होतं. मायनं त्यावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाली, “इले उन्हात ठेवत जा. असं पोत्यात ठेवलं तं किडे लागते.”

त्याबद्दल दुसरं काही ती त्यांना बोलली नाही, ना तेव्हा, ना नंतर. ती क्षमा होती का, मला ठाऊक नाही. भाऊ मात्र ती पेटी मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले.

मग माय त्या गाणाऱ्या माणसाकडे वळली. हात पुढे करून तिनं तळवा त्याच्या छातीवर ठेवला. तो दचकला, पण हलला नाही. “तुही छाती मजबूत हाय,” ती म्हणाली. “माह्या लेकाची नोहती. तो दम त्याचा आजार होता, बापा. गानं नोहतं ते. तू काऊन घेतेस? तू सरळ म्हन.”

भाऊंनी ते त्याला सांगितलं. त्याला आधी कळेना. त्यानं पुन्हा विचारलं. मग त्यानं मायकडे असं पाहिलं, जणू त्याच्याकडून कुणाची तरी वस्तू चुकून उचलली गेली होती आणि ती कुठे ठेवावी हे त्याला समजत नव्हतं. तो हळू आवाजात ‘दुरून’ म्हणाला. मधे तुटला. पुन्हा म्हणाला. चौथ्या-पाचव्या वेळी शब्द सलग आला. मायनं मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.

परतीच्या वाटेवर तिनं कुणाकडेही वाकून पाहिलं नाही. ती झोपून गेली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आदळत होतं.

माघात मायनं घाटावर विधी केला. पळसाच्या काड्यांचं माणूस केलं, पीठ लावलं, दादाचं नाव घेतलं. आमच्या घरात पाणी द्यायला पुरुष नव्हता. पेटीवाले भाऊ डेपोवरून दोन दिवसांचा प्रवास करून आले, डोकं भादरलं आणि पाण्यात उतरून त्यांनीच पाणी दिलं. कंबरेएवढ्या पाण्यात गेल्यावर ते थांबले आणि त्यांना परत वळता येईना. डोंगेवाल्यानं जाऊन हात धरून त्यांना आणलं.

फाल्गुनात नव्या पार्टीचं गाणं वडशाच्या बाजारात झालं. दुपारचं, मंडप टाकून. दूरदूरचे लोक आले होते, झाडांवर चढले होते. पेटीवाले भाऊ पुढे, मागे तो जंगलातला गाणारा, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात. त्यानं दोन्ही गाणी म्हटली. आवाज सरळ आणि भरलेला, शब्द कुठे तुटला नाही. मला ते खरोखर चांगलं वाटलं. पण माझ्या आजूबाजूला कुजबूज सुरू झाली. “तो दम कुठी गेला?” “ते तं रेकॉर्डीतच होतं वाटते.” “मजा नाई आली, बाप्पा.” न्हावी म्हणाला, कंपनीनंच काही तरी केलं असणार, माणूस तर अगदीच साधा निघाला. गुरुजी छत्री उघडून निघून गेले. लोकांना त्याच्याकडून दादाचा आजार हवा होता. तोच त्यांचा आवडता होता. माय पुढच्या रांगेत बसली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, “आता बरा म्हनते.”

पार्टी त्यानंतर एक-दोन वर्षं टिकली. तिसरी रेकॉर्ड निघाली नाही.

फाल्गुनातल्या त्या दिवशी गाणं झाल्यावर तो गाणारा आमच्याकडे जेवायला आला होता. पानावर बसला, संकोचानं थोडाच भात घेतला. मायनं पुन्हा पुन्हा वाढलं. जेवता जेवता त्यानं तोडक्या मराठीत विचारलं, “माय, परतून म्हनजे का?”

माय वाढायची थांबली. मग म्हणाली, “गेलेलं मानूस घरी वापस येते ना, तसं.” त्यानं मान डोलावली आणि त्याच्या बोलीतला एक शब्द सांगितला. मायनं तो दोनदा म्हणून पाहिला.

पुढे माझी बदली गोंडपिपरीला झाली, लग्न झालं, मुलं झाली. माय शांतपणे म्हातारी झाली आणि शांतपणे गेली. शेवटच्या वर्षांत ती दादाविषयी बोलायची ते मेलेल्या माणसाविषयी बोलतात तसं, सहज. त्याला भेंडीची भाजी आवडत नसे, तो पायानं दार लोटायचा, असलं काहीबाही.

माझं तसं झालं नाही. दादाचा एकही फोटो नव्हता. बारा-तेरा वर्षांची असताना शेवटचा पाहिला, म्हणजे त्याचा चेहरा जो काही होता तो माझ्याच डोक्यात होता. आणि डेपोवर माय पाठ करून बसली तेव्हा मी समोर पाहत उभी होते. तो आवाज येत होता आणि माझ्यासमोर ते तोंड होतं. रुंद कपाळावर भुसा लागलेलं, डोळे मिटलेलं, ओंडक्यावर हात ठेवलेलं. त्या दिवसापासून मी दादाला आठवायला गेले की तोच माणूस येतो. मी खूप मागे जाऊन पाहते. दादा मला खांद्यावर घेऊन बांधावरून चालतो आहे, दादा न्हाणीत तोंड धुतो आहे, नागपूरहून येऊन मायला डबीची गोष्ट सांगतो आहे. तो वर पाहतो, आणि चेहरा त्या परक्या, जिवंत माणसाचा असतो. मायला मी हे कधी सांगितलं नाही.